काढून टाकलेला मजकूर

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास प्रतिभा मंगल कार्यालयाचा मागचा जिना चढून समाजाच्या ऑफिसात आली. तिनं खिडक्या उघडल्या, टेबलावरची धूळ फडक्यानं पुसली आणि संगणक सुरू केला. खाली कुणाच्या तरी साखरपुड्याची गडबड चालली होती. आचारी मोठी पातेली ओढत होते आणि कुणीतरी माईकवर सारखं ‘हॅलो, हॅलो’ करत होतं. २००८ सालचा एप्रिल संपत आला होता. पंखा गरम हवाच गरगर फिरवत होता.

प्रतिभा सत्तावीस वर्षांची होती. आठवडाभर ती नाशिक रोडला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात संगणकावर मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या बनवायची आणि रविवारी समाजाची वेबसाइट सांभाळायची. शहराच्या चहूबाजूंना फुलं आणि भाजीपाला पिकवणाऱ्या घरांचा हा समाज. त्यांची मुलं आता सातपूरच्या कारखान्यांत, पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत आणि एक-दोन तर अमेरिकेतही पोचली होती. दूर गेलेल्यांना जोडून ठेवायचं म्हणून दीड वर्षापूर्वी वेबसाइट सुरू झाली. वधू-वरांची माहिती, लग्नांचे फोटो, निधनवार्ता, गुणवंत विद्यार्थी असं सगळं तिच्यावर असे. ‘मनमोकळं’ नावाचं एक पानही होतं. त्यावर समाजातल्या कुणीही काहीही लिहावं, अशी सोय होती.

म्हणजे तसं वर लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात लिहिलेला मजकूर आधी प्रतिभासमोर येई. प्रत्येक मजकुराखाली दोन बटणं असत, ‘ठेवा’ आणि ‘काढा’. ‘ठेवा’ दाबेपर्यंत तो जगाला दिसत नसे. कोणतं बटण दाबायचं हे मात्र प्रतिभा ठरवत नसे. ती सगळे मजकूर कागदावर छापून ठेवी. दहा वाजता समाजाचे अध्यक्ष कारभारी अण्णा येत, चहा घेत आणि लाल पेनानं खुणा करत. बरोबरची खूण म्हणजे ठेवा, फुली म्हणजे काढा.

कारभारी अण्णा साठीचे गृहस्थ. गुलाबाची मोठी नर्सरी, पांढराशुभ्र झब्बा-पायजमा, आणि आवाज कधी चढत नसे. समाजातल्या गरीब पोरांसाठी त्यांनी नाशकात वसतिगृह उभं केलं होतं. कोणाच्या घरी कोण आजारी आहे, कोणाची मुलगी दहावीला बसली आहे, सगळं त्यांना तोंडपाठ असे. प्रतिभावर तर त्यांचे उपकारच होते. तिचा नवरा तिला मारायचा. चार वर्षांपूर्वी ती परत आली, तेव्हा अण्णांनी पंच बसवले आणि दोनच बैठकांत तिला फारकत मिळवून दिली. बाकीच्या मुलींना वर्षानुवर्षं ‘नांदायला जा’ असं सांगितलं जायचं. प्रतिभाची सुटका झाली, कारण तिचे वडील सावळीराम अण्णांचे जुने सोबती होते. घरात हे रोज कुणी बोलून दाखवत नसे, पण विसरतही नसे.

त्या दिवशी चार मजकूर आले होते. अण्णांनी चष्मा लावला.

पहिल्या दोनांवर बरोबरची खूण झाली. तिसरा मजकूर कुणीतरी नाव न देता लिहिला होता. समाजाबाहेर लग्न केलेल्या एका मुलीचं नाव-गाव देऊन तिच्या चारित्र्याबद्दल वाट्टेल ते त्यात होतं.

“अण्णा, हे फार घाण आहे,” प्रतिभा म्हणाली. “खोटंही असेल. काढू ना?”

“राहू दे,” अण्णा म्हणाले. “बाकीच्या पोरींना जरा जरब बसंल.”

चौथा मजकूर त्यांनी सावकाश वाचला. मग पेनाचं टोपण लावलं, काढलं आणि फुली मारली.

“घरातलं भांडण हाय हे. भावकीत मिटंल. काढ.”

तो मजकूर प्रतिभानं छापतानाच वाचला होता. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, कुणाकडून तरी टाइप करून घेतलेला होता.

‘मी लताबाई. माझे मालक चार वर्षांमागे वारले. माझी मुलगी मनीषा सातवी पास झाली आहे. तिला तेरावं वर्ष चालू आहे. माझ्या सासऱ्यांनी आणि दिरांनी तिचं लग्न अक्षय तृतीयेला ठरवलं आहे. मुलगा सव्वीस वर्षांचा आहे. मला विचारलं नाही. शाळेचा दाखला दिरांनी ठेवून घेतला आहे. पोलिसात गेले तर समाजात मिटवा म्हणाले. आपल्या समाजात डॉक्टर, वकील, साहेब लोक आहेत. कोणीतरी हे वाचून माझ्या सासऱ्यांना समजावून सांगा. फुलबाजाराजवळ निसारभाईंचं इंटरनेटचं दुकान आहे, तिथे मी रोज फुलं घेऊन येते. तिथे निरोप द्या.’

मुलगा सव्वीस वर्षांचा. हा मुलगा म्हणजे अण्णांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, हे प्रतिभाला माहीत होतं, कारण मागच्याच रविवारी तिनं ‘शुभविवाह’च्या यादीत त्याचं नाव टाकलं होतं. वधूच्या नावापुढे अण्णांनी दिलेल्या चिठ्ठीत वय अठरा होतं. तिनं अठरा टाइप केलं होतं.

“अण्णा, मुलीला तेरावं वर्ष चालू आहे असं आई म्हणते.”

“आई काय बी म्हणंल. पोरीचा बाप नाय, आजा म्हातारा झालाय. उद्या काय वाईट झालं तर समाजालाच बघावं लागतं. माझा भाचा निर्व्यसनी हाय, दोन एकर शेवंती हाय त्याची. पोरगी सुखात राहील.” ते उठले, झब्ब्याच्या सुरकुत्या नीट केल्या. “प्रतिभा, तू शिकलेली हायस म्हणून तुझ्या हातात हे दिलंय. समाजाची अब्रू हाय ही.”

ते खाली साखरपुड्याला गेले. प्रतिभानं ‘काढा’ दाबलं. मजकूर नाहीसा झाला. खरं म्हणजे तो पुसला जात नसे. वेबसाइटच्या पोटात एक यादी होती, तिथे काढलेले सगळे मजकूर जाऊन पडत आणि प्रत्येकापुढे तारीख, वेळ आणि काढणाऱ्याचं नाव लागे. ती यादी फक्त प्रतिभालाच दिसायची, आणि तीही ती कधी उघडत नसे.

गुरुवारी एक मे होता, सुट्टीचा दिवस. भावाच्या साखरपुड्याची पत्रिका वेबसाइटवर टाकायला प्रतिभा ऑफिसात आली. धाकटा भाऊ महेश सातपूरला एका कारखान्यात कामाला होता. त्याची सोयरीक अण्णांच्या साडूच्या घरी जमली होती आणि साखरपुडा पंधरा तारखेला होता.

संगणक सुरू केला, तर एक नवा मजकूर आलेला होता.

‘मी लताबाई. रविवारी मी लिहिलं होतं ते दिसत नाही. निसारभाई म्हणतात कधी कधी मशीन बिघडतं. म्हणून पुन्हा लिहिते. लग्नाला सहा दिवस राहिले.’

खाली पहिला मजकूर जसाच्या तसा होता.

प्रतिभानं अण्णांना फोन लावला. हे कागदावर छापून रविवारपर्यंत ठेवण्यासारखं नव्हतं.

“पुन्हा लिहिलंय त्यांनी. अण्णा, आपण एकदा शाळेतून वय तरी विचारून घेऊ या.”

पलीकडे थोडा वेळ पाण्याच्या मोटारीचा आवाज येत राहिला. अण्णा नर्सरीत असावेत.

“असं बघ,” ते शांतपणे म्हणाले, “उद्या कोणी तुझ्याविषयी काय बी लिहील. नवऱ्याला सोडून आली, असली हाय, तसली हाय. मी ठेवायचं का ते? कुणीतरी ठरवायला पायजे ना, काय ठेवायचं, काय काढायचं?”

“पायजे, अण्णा. पण हे तर तुमच्याच घरच्या लग्नाबद्दल आहे.”

“म्हंजी? मी न्याय करणार नाय, असं म्हणतीस?” आवाज चढला नव्हता. “तुझा न्याय कुणी केला व्हता, प्रतिभा?”

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ त्या दोन बटणांकडे बघत बसली. मग तिनं दुसऱ्यांदा ‘काढा’ दाबलं.

संध्याकाळी तिनं वडिलांना सांगितलं. सावळीराम बाहेरून येऊन नुकतेच घराच्या पायऱ्यांवर बसले होते. सगळं ऐकून घेईपर्यंत त्यांनी बुटाची नाडी हातातच धरून ठेवली.

“तू पाह्यलंय का त्या पोरीला?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग? कुणाच्या लग्नात आपण कशाला पडायचं? महेशचं पंधरा तारखेला हाय. ते होऊन जाऊ दे.” थोड्या वेळानं ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “तुझ्या वेळंला मी अण्णांच्या पाया पडलो व्हतो. तुला ठावं नाय.”

शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी अण्णा लग्नाच्या गडबडीत असल्यामुळे ऑफिसात आले नाहीत. सोमवारी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या बनवताना प्रतिभाच्या मनात आलं की दुपारी सुट्टी काढावी आणि फुलबाजारात जावं. मालकानं दोन गाड्या जास्तीच्या लावल्या आणि ती गेली नाही. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती. ती मागितली नाही, हे पुढे तिनं स्वतःच कबूल केलं. बुधवारी अक्षय तृतीया झाली.

अकरा तारखेच्या रविवारी अण्णा लग्नाचे फोटो पाकिटात घालून घेऊन आले. “हे ‘शुभविवाह’मध्ये टाक. चांगले निघालेत,” असं सांगून ते खाली गेले.

प्रतिभानं पहिला फोटो स्कॅनरवर ठेवला. पडद्यावर तो हळूहळू वरून खाली उमटत गेला. आधी मुंडावळ्या दिसल्या, मग कपाळ, मग खाली बघणारे डोळे. मुलीच्या मनगटावर हिरवा चुडा राहत नव्हता. हात इतके बारीक होते की बांगड्या गळून पडू नयेत म्हणून कुणीतरी त्या पांढऱ्या दोऱ्यानं एकत्र बांधून कोपराकडे सरकवल्या होत्या. फोटोखाली आधीचीच ओळ होती, वधूचे वय १८ वर्षे.

‘मनमोकळं’वर एकच मजकूर आलेला होता.

‘मी लताबाई. लग्न झालं. आता पुन्हा लिहायला काही उरलं नाही.’

प्रतिभानं तो कागदावर छापला, घडी करून पर्समध्ये टाकला आणि ऑफिसला कुलूप लावून घरी आली. आई, सिंधुबाई, ओट्यावर भाकरी थापत होती. प्रतिभानं कागद तिच्यासमोर धरला. सिंधुबाई चौथीपर्यंत शिकलेली. तिनं पिठाचे हात वर धरून ती ओळ शब्द जुळवत वाचली. मग पुन्हा वाचली.

“कशाला लिहीत व्हती ही?” तिनं विचारलं.

प्रतिभानं सगळं सांगितलं. तव्यावरची भाकरी करपली, तरी सिंधुबाईचं तिकडे लक्ष गेलं नाही.

“म्हंजी ती बाई लिहीत व्हती, आन तू पुसत व्हतीस,” ती म्हणाली. रागानं नाही. तिला फक्त नीट समजून घ्यायचं होतं.

“हो,” प्रतिभा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्रतिभानं ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात सुट्टी टाकली आणि सकाळी सातलाच फुलबाजारात गेली. निसारभाईंचं दुकान एका बोळात होतं. चार संगणक, भिंतीवर दर लिहिलेला पुठ्ठा. निसारभाई चाळिशीचे, अंगानं बारीक. प्रतिभानं लताबाईंचं नाव काढताच त्यांनी तिला बसायला स्टूल दिलं.

“आप समाज की तरफ से आये क्या? बहुत देर कर दी, बहन,” ते म्हणाले. “ती बाई रोज विचारायची, भाऊ, काय उत्तर आलं का? मी म्हणायचो, येईल, येईल.”

लताबाई आठच्या सुमारास आली. उन्हानं रापलेली, बत्तीस-तेहतीस वर्षांची बाई. डोक्यावरची शेवंतीची पाटी उतरवून तिनं पदरानं तोंड पुसलं.

“ह्या वेबसाइटवाल्या ताई,” निसारभाई म्हणाले.

“मशीन सांभाळता व्हय तुम्ही?” लताबाईनं विचारलं. “दोन डाव बिघडलं व्हतं बगा.”

प्रतिभानं येताना रस्त्यात बरीच वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

“मशीन बिघडलं नव्हतं, ताई. तुमचं दोन्ही वेळा पोचलं होतं. मी वाचलं. अध्यक्षांनी सांगितलं म्हणून मी काढून टाकलं.”

लताबाईनं खाली बसून पाटीवरचं ओलं फडकं उचललं, बाटलीतलं पाणी त्यावर शिंपडलं आणि फुलांवर पुन्हा नीट पसरलं.

“मला वाटत व्हतं, माझ्याच लिहिण्यात काय चुकलं,” ती म्हणाली. “म्हणून दुसऱ्या डावाला मी भाऊंना सांगितलं, अक्षरं जरा मोठी काढा.”

निसारभाईंनी तोंड फिरवलं.

पाटी बाजूला सरकवून लताबाई म्हणाली, “आता आलाच हायसा, तर येता का माझ्यासंगं पोलिसात? मी एकटी गेले की बसवून ठेवत्यात.”

‘येते’ म्हटलं की काय काय होणार, हे प्रतिभाला एका क्षणात दिसलं. पंधरा तारीख, महेश, नाडी हातात धरून बसलेले वडील. तरीही ती “येते” म्हणाली.

आधी दोघी समाजाच्या ऑफिसात आल्या. प्रतिभानं आजवर न उघडलेली यादी उघडली. तीत एकतीस मजकूर होते. त्यांत लताबाईचे दोन होते. एका सुनेला माहेरी फोन करू देत नव्हते. एका विधवेला दिराशी लग्न लावायची जबरदस्ती होत होती. एका बापानं लिहिलं होतं की मुलानं जातीबाहेर लग्न केलं म्हणून त्यांच्या घरच्या मयतालाही कुणी आलं नाही. प्रत्येकापुढे तेच लिहिलं होतं, ‘काढणारा: प्रतिभा’. अण्णांचं नाव कुठेच नव्हतं. लाल फुलीचे कागद तर दर महिन्याला रद्दीत जात होते. एप्रिलच्या शेवटच्या दोन रविवारचे तेवढे टेबलाच्या खणात सापडले.

लताबाईचे तिन्ही मजकूर, यादीतल्या नोंदी आणि लाल फुलीचा कागद घेऊन दोघी तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेल्या. तिथल्या फौजदारांनी आधी घड्याळाकडे पाहिलं. मग कागद वाचता वाचता ते सरळ बसले. बालविवाहाचा नवा कायदा लागू होऊन सहाच महिने झाले होते.

“म्हणजे लग्नाच्या दहा दिवस आधी आईनं लेखी कळवलं होतं,” ते म्हणाले. “तारीख, वेळ, सगळं आहे. हे काढलं कुणी?”

“मी,” प्रतिभा म्हणाली.

“तुम्ही सही कराल? विचार करा बाई. मुलीचं वय माहीत असून लपवलं, असं तुमच्यावरसुद्धा येऊ शकतं.”

“करते.”

तिनं सही केली. कुणाच्या सांगण्यावरून काढलं, तेही लिहून दिलं. तिथून ती परत ऑफिसात आली. एकतीस मजकुरांपैकी दोन खरोखरच कुणाची तरी बदनामी करणारे होते, ते तिनं तसेच राहू दिले. उरलेल्या एकोणतीसांवर एकामागून एक ‘ठेवा’ दाबत गेली. समाजाबाहेर लग्न केलेल्या त्या मुलीबद्दलची घाण मात्र तिनं काढली आणि त्या जागी लिहिलं, ‘या मजकुरात एका मुलीची पुराव्याशिवाय बदनामी होती म्हणून मी तो काढला आहे. कुणाला हरकत असेल तर मला विचारावं. प्रतिभा.’ मनीषाच्या लग्नाच्या फोटोखालची अठरा वर्षांची ओळही तिनं पुसली.

मंगळवारी सकाळपर्यंत पुणे, मुंबई, अमेरिका, सगळीकडे ते वाचलं गेलं होतं. बुधवारी अण्णांच्या साडूंकडून निरोप आला की साखरपुडा होणार नाही. महेशनं ताट भिंतीवर फेकलं.

“तुझं वाटोळं झालं म्हणून माझं करायचं होतं का तुला?” तो ओरडला. त्यानंतर कित्येक महिने तो बहिणीशी बोलला नाही.

अठरा तारखेला समाजाची बैठक बोलावली गेली. मंगल कार्यालयाच्या सभागृहात सतरंज्यांवर पुरुष बसले होते. स्वयंपाकघराच्या दारात आणि खिडक्यांशी बायका उभ्या होत्या. प्रतिभाला मध्ये उभं केलं होतं.

“आपल्याला रागावून बोलायचं नाय,” अण्णांनी सुरुवात केली. “पोरीची चूक झाली. तिनं माफी मागावी, मशीनचा पासवर्ड द्यावा, पोलिसात दिलेलं कागद मागं घ्यावं. विषय संपला.”

“अण्णा, मी माफी मागणार आहे,” प्रतिभा म्हणाली. “ज्यांचं काढून टाकलं त्यांची. तुमची नाही. सगळंच ठेवा असं मी म्हणत नाही. खोटं, घाणेरडं काढावंच लागतं. पण काढणाऱ्यानं आपलं नाव लिहावं आणि कारण सांगावं. ज्याचं काढलं त्याला ‘का’ म्हणून विचारता आलं पाहिजे. आणि ज्याच्याविरुद्ध लिहिलंय, त्यानं ते ठरवू नये. एवढंच माझं म्हणणं आहे.”

“मग ठरवायचं कुणी? तू?” मागून कुणीतरी ओरडलं.

“मीसुद्धा नाही. मी एकटीनं ठरवलं, तरी ते चूकच. चार जण बसवा, त्यात दोन बायका असू द्या.”

हसण्याची एक लाट आली. त्या गोंधळातच प्रतिभा म्हणाली, “एकोणतीसपैकी चोवीस मजकूर बायकांनी लिहिलेत. त्या काही परक्या नाहीत. या सभागृहात जेवण वाढणाऱ्या बायका आहेत.”

हसणं थांबलं. कुणी मान वळवली नाही, पण स्वयंपाकघराच्या दाराकडे मागे वळून बघावंसं बऱ्याच जणांना वाटलं असावं. दारातली एक म्हातारी झुंबरबाई पदर तोंडाशी धरून मुसमुसू लागली. तिच्या मुलानं तिला डोळ्यांनी दटावलं.

अण्णा वळले. “सावळीराम, तू सांग पोरीला.”

सावळीराम उठले. त्यांनी सभेकडे पाहिलं, मग अण्णांकडे. “पोरी,” ते म्हणाले, “दे बाई तो पासवर्ड. आपल्याला ह्याच लोकांत राह्यचंय.”

“नाही दादा,” प्रतिभा वडिलांना म्हणाली.

ते तसेच उभे राहिले. पंचांनी आपसात बोलून निर्णय सांगितला. सावळीरामच्या घराशी आजपासून रोटी-बेटी बंद, त्यांच्या लग्नकार्याला आणि मयताला कुणी जाणार नाही. सावळीरामांनी ते खाली मान घालून ऐकलं. मग टोपी डोक्यावर नीट बसवली, प्रतिभाचा दंड धरला आणि बसलेल्या लोकांतून वाट काढत तिला बाहेर घेऊन गेले. घर येईपर्यंत त्यांनी दंड सोडला नाही.

पासवर्ड न मिळाल्यानं फारसं काही अडलं नाही. वेबसाइट बनवणाऱ्या पुण्याच्या तरुणाला अण्णांनी फोन केला आणि सोमवारी सकाळी सगळीच्या सगळी वेबसाइट बंद झाली. पडद्यावर एकच ओळ उरली, ‘दुरुस्तीसाठी बंद आहे’. एकोणतीस मजकूर पुन्हा नाहीसे झाले. या वेळी काढणाऱ्याचं नावही कुठे उरलं नाही. प्रतिभानं छापून ठेवलेले कागद तेवढे राहिले.

त्या कागदांवरच खटला उभा राहिला. निसारभाईंनी कोर्टात येऊन सांगितलं की तो मजकूर लताबाईनं सांगितला आणि आपण टाइप केला. शाळेनं जन्मतारखेचा उतारा दिला. अण्णांवर, भाच्यावर आणि लताबाईच्या दिरावर गुन्हा दाखल झाला. प्रतिभालाही साक्षीला उभं केलं गेलं. वकिलानं तिला तीनदा विचारलं, “तुम्हाला वय माहीत होतं, तरी तुम्ही काढलंत?” ती तिन्ही वेळा “हो” म्हणाली. पावसाळा तारखा पडण्यात गेला. दिवाळीनंतर कोर्टानं मनीषाला आईच्या ताब्यात दिलं. लग्न रद्द करण्याचा दावा पुढे चालू राहिला. सासरचं घर लताबाईला बंदच झालं होतं. ती फुलबाजाराजवळ एका खोलीत राहू लागली.

प्रतिभाच्या घरी त्या वर्षी हळदीकुंकवाला कुणी आलं नाही. शेजारच्या गल्लीतल्या तिच्या मावशीनं रस्त्यात ओळख दाखवली नाही. सिंधुबाई मात्र एक दिवस लताबाईच्या खोलीवर जाऊन दोन भांडी आणि एक गोधडी देऊन आली. हे तिनं घरात कुणाला सांगितलं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी मनीषाला जवळच्या शाळेत आठवीत बसवायचं ठरलं. फॉर्म भरायला लताबाईनं प्रतिभाला बोलावलं. तिघी शाळेत गेल्या. लताबाई मुख्याध्यापिकेच्या खोलीत गेली आणि प्रतिभा व मनीषा बाहेर बाकावर बसल्या. मनीषा अंगानं लहानखुरी होती. नवा गणवेश तिला सैल होत होता. सासरी काढलेल्या सहा महिन्यांबद्दल ती कुणाशी काही बोलत नसे, असं लताबाईनं सांगितलं होतं.

समोर मैदानावर मुली लंगडी खेळत होत्या. मनीषा त्यांच्याकडे बघत होती. बघता बघता तिनं विचारलं,

“ताई, आईनं लिहिलेलं तुम्ही वाचलं व्हतं?”

“हो.”

“कधी?”

“सत्तावीस एप्रिलला. रविवारी सकाळी.”

मनीषानं मांडीवर हात ठेवला आणि बोटं मोजू लागली. ओठ हलत होते. एका हाताची बोटं संपली, तशी ती दुसऱ्या हातावर गेली.

“म्हंजी दहा दिवस व्हते,” ती म्हणाली.

प्रतिभाला सांगता आलं असतं की तिच्यावर उपकार होते, भावाचा साखरपुडा होता, तिच्या हातात काही नव्हतं. यातलं काहीच खोटं नव्हतं.

“हो,” ती म्हणाली. “दहा दिवस होते.”

मनीषानं मान हलवली. आतून लताबाईनं हाक मारली, तशी ती उठली, सैल गणवेशाचा पट्टा ओढून घट्ट केला आणि आत गेली.